प्लगच्या खड्ड्यातला तांदूळ

दसरा उलटला की पुढच्या आठवड्याभरात नांदूर नाक्यावरच्या सोमनाथशेठच्या गॅरेजात आठ-दहा गाड्या मिसिंग मारत यायच्या. दरवर्षी, न चुकता. मिसिंग म्हणजे इंजिनाचा एखादा सिलिंडर पेटच घेत नाही. मग गाडी झटके देते, उचल खात नाही आणि चढ आला की दम टाकते. कुणाला वाटायचं पेट्रोलात भेसळ आहे, कुणाला वाटायचं गॅरेजवाल्यानं जुने प्लग गळ्यात मारले. खरं कारण गॅरेजातल्या एका माणसाला अठ्ठावीस वर्षं ठाऊक होतं, आणि गिऱ्हाइकासमोर त्यानं ते एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तो माणूस म्हणजे भिकन.

भिकन बेताच्या उंचीचा, काटक, सत्तावन्न वर्षांचा. जेलरोडच्या एका कॉलनीत बायको चांगुणा आणि मुलगी तेजल यांच्याबरोबर दोन खोल्यांत राहायचा. तेजल शाळेत शिकवते. ती स्वतः शिकत असताना पहिली आली की भिकन गॅरेजात पेढे वाटायचा आणि पेढा देताना हात धुऊन यायचा, कारण एकदा एका गिऱ्हाइकानं पेढ्याकडे बघून "आत्ताच जेवलो" म्हटलं होतं. ग्रीसमुळे म्हटलं असेल, असं भिकननं स्वतःला समजावलं. असं समजावण्यात तो तरबेज होता.

कामात मात्र त्याला तोड नव्हती. मिसिंगची गाडी आली की तो आधी बॉनेट उघडायचाच नाही. गाडीच्या मागे जाऊन उकिडवा बसायचा, सायलेन्सरच्या तोंडाशी तळहात धरायचा आणि डोळे मिटायचा. धुराचे फटके तळहातावर एका लयीत बसतात. त्यातला एखादा चुकला की त्याला कळायचं, आणि कितव्यांदा चुकतो हेही कळायचं. नवी गिऱ्हाइकं हसायची. जुनी गिऱ्हाइकं गाडीतून उतरून त्याच्याशेजारी बसायची आणि काय म्हणतेय गाडी म्हणून विचारायची.

आता ते कारण. दसऱ्याला लोक गाडी धुतात, हार घालतात, हे ठीक. पण आमच्याकडे भक्ती जरा सढळ असते. बॉनेट उघडून इंजिनाला हळदकुंकू लावायचं, अक्षता टाकायच्या, नारळ फोडायचा आणि त्याचं पाणी इंजिनावर शिंपडायचं. शिंपडायचं म्हणजे काहीजण ओततातच. नारळाचं पाणी गोड आणि खारट. ते प्लगच्या टोपीखाली उतरलं की वाळून चिकट होतं, आणि जी ठिणगी सिलिंडरच्या आत पडायची ती त्या चिकट वाटेनं बाहेरच्या बाहेर पळते. उभ्या गाडीत कळतसुद्धा नाही. ओझं घेऊन चढावर निघालात की मग ती तुमचा पाणउतारा करते.

भिकनची त्या दिवशी सुट्टी असायची. तो बौद्ध. चांगुणा पांढरी साडी नेसायची, हा पांढरा सदरा घालायचा आणि सगळे मिळून त्रिरश्मी लेणीवर वंदनेला जायचे. गॅरेजातली पूजा त्यानं कधी पाहिली नाही, तिचे परिणाम तेवढे पाहिले. दुसऱ्या दिवशी कामावर गेला की सोमनाथशेठ त्याच्यासाठी ठेवलेली नारळाची वाटी द्यायचा. भिकन ती घरी न्यायचा आणि चांगुणा चटणी वाटायची. खोबरं खायचं आणि पाणी पुसायचं, असं त्याचं वर्षानुवर्षं चाललं होतं.

कामाला लागल्यावर पहिल्याच दसऱ्यानंतर त्यानं हे शोधून काढलं होतं. तेव्हा तो उत्साहानं धावत शेठच्या टेबलाशी गेला. सोमनाथशेठ तेव्हा स्वतः पाना धरायचा, त्यामुळे त्याला गोष्ट लगेच पटली. तो हसला, भिकनच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "खरंय तुझं. पण गिऱ्हाइकाला बोलू नको. तुझ्या तोंडून ते बरं नाही दिसत."

तुझ्या तोंडून. भिकन तेव्हा तरुण होता, पण दुधखुळा नव्हता. त्या दोन शब्दांत काय काय आलं ते त्याला न सांगता कळलं. त्या दिवसापासून कुणी विचारलं की तो म्हणायचा, "ओल धरली होती, साहेब." ओलीला जात नसते, धर्म नसतो. गिऱ्हाईक मान डोलवायचं, गाडी घेऊन जायचं आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा नारळ ओतायचं.

गेल्या वर्षी मात्र ही ओल कामी आली नाही.

सायखेड्याचे पुंजाआप्पा हे गॅरेजचं जुनं गिऱ्हाईक. द्राक्षाची बाग, गावात मान, आणि वीस-बावीस वर्षांची एक पेट्रोल जिप्सी, जी विकायचं नाव ते कुणाला काढू देत नसत. दसऱ्याच्या चार दिवस आधी त्यांनी ती सर्व्हिसिंगला आणली होती. दसऱ्यानंतर तीन दिवसांनी नातीचा, वेदिकाचा, साखरपुडा पेठला होता. आप्पा मानाच्या पाहुण्यांना घेऊन त्याच गाडीतून जाणार होते. भिकननं दोन दिवस त्या गाडीवर खपून नवे प्लग, नव्या वायरी, नव्या टोप्या घातल्या. ह्या इंजिनाचे प्लग वरून खोल खड्ड्यात बसतात. टोपी आत सरकवून वरून अंगठ्यानं दाबायची आणि टक असा आवाज आला की समजायचं, बसली. भिकननं चार टोप्या बसवल्या आणि चार वेळा टक ऐकलं. गाडी इतकी मऊ चालत होती की आप्पांनी जाताना त्याला मुद्दाम नावानं हाक मारून सांगितलं, "भिकन, लय झ्याक केली रे गाडी."

आणि साखरपुड्याच्या दिवशी पेठच्या रस्त्यावर घाटात तीच गाडी झटके देत देत बसली. आत व्याह्यांकडचे दोन म्हातारे, आप्पांची बायको कुसाबाई, मांडीवर ओटीचं सामान. मागून आलेल्या भाजीच्या टेम्पोत ही सगळी वऱ्हाडी मंडळी क्रेटवर बसून मांडवात पोचली. व्याह्यांकडच्या कुणीतरी विनोद केला आणि सगळा मांडव हसला. आप्पांना जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते जिप्सी टेम्पोला बांधून गॅरेजात आले. गॅरेजात तेव्हा पाच-सहा गिऱ्हाइकं होती. आप्पा कुणाकडे न बघता सरळ भिकनसमोर येऊन उभे राहिले.

"आठ दिवसांमागं तू हात लावला व्हता ना हिला? मंग सांग आता, काय केलं तू?"

भिकनचा चेहरा पडला. अठ्ठावीस वर्षांत त्याच्या हातची गाडी ओढून आणायची वेळ आली नव्हती. पगार, सुट्ट्या, मान, सगळ्यात त्यानं पडतं घेतलं होतं. फक्त हाताच्या कामावर त्याचं नाव उभं होतं. ते नाव आज चार लोकांसमोर पणाला लागलं होतं, आणि हे तिथल्या प्रत्येकाला कळत होतं.

शेठचा मुलगा समाधान पुढे झाला. हा डिप्लोमा झालेला, गोड बोलणारा, हातात कायम मोबाइल. त्यानं दोष शोधायचं यंत्र आणून जोडलं. गाडी त्या यंत्रापेक्षा जुनी, ती त्याच्याशी बोलायलाच तयार नव्हती. गाडी सुरू केली तर जागेवर ठीक चालली. समाधाननं पेट्रोलच्या पंपात कचरा असेल म्हणून सांगितलं, आणि मग हळूच म्हणाला, "नाहीतर काकांकडून काहीतरी राहिलं असेल. वय झालं ना."

 भिकननं समाधानला गाडीत बसायला सांगितलं, हँडब्रेक ओढून, गिअरात टाकून क्लच अर्धा सोडायला लावला, म्हणजे इंजिनावर जोर येईल. स्वतः मागे उकिडवा बसला आणि तळहात धरला. जोर आल्याबरोबर चार फटक्यांतला एक नाहीसा झाला. जोर काढला की परत आला. भिकननं डोळे उघडले. त्याला रोग कळला होता, आणि कुठून आला तेही कळलं होतं. त्या क्षणी त्याला आनंद झाला, हे सांगायला हवं. आपला हात चुकला नाही याचा आनंद माणसाला किती होतो, ते ज्याच्याकडे फक्त हातच आहेत त्यालाच ठाऊक.

त्यानं बॉनेट उघडून चारही प्लग काढले. तीन कोरडे आणि स्वच्छ, दुसऱ्या सिलिंडरचा पेट्रोलनं ओला. त्याच्या पांढऱ्या चिनीमातीवर वरपासून खालपर्यंत काळी बारीक रेघ, ठिणगी पळाल्याची खूण. मग त्यानं लांब स्क्रूड्रायव्हरला फडकं गुंडाळून दुसऱ्या खड्ड्यात फिरवलं. फडकं चिकट होऊन आलं, पिवळं झालेलं. हळद. आणि फडक्याला चिकटून एक तांदळाचा दाणा आला, कुंकवानं लाल.

त्यानं दाणा खिशात टाकला. खड्डा पेट्रोलनं धुतला, हवा मारून कोरडा केला, नवा प्लग आणि नवी टोपी घातली. टक. मग आप्पांना शेजारी बसवून आडगावच्या उड्डाणपुलावर गाडी नेली, तिसऱ्या गिअरात मुद्दाम जोर देऊन चढवली. गाडी पहिल्यासारखी मऊ चढली. परत येईपर्यंत आप्पा निम्मे शांत झाले होते. इथंच सगळं मिटलं असतं.

पण खाली उतरल्यावर आप्पांनी विचारलं, "मंग झालं व्हतं काय?"

"ओल धरली होती, आप्पा," भिकन सवयीनं म्हणाला.

"ओल?" आप्पा थांबले. "पाऊस नाय, पाणी नाय. मंग ही ओल तुझ्याच हातची म्हनायची का?"

गिऱ्हाइकं बघत होती. समाधान बघत होता. सोमनाथशेठ टेबलामागून उठून आला होता, आणि भिकननं त्याच्याकडे पाहिलं. नजरेनं विचारलंच त्यानं, सांगू का. शेठनं नजर खाली घातली. नाही म्हटलं असतं तर भिकन थांबला असता. पण शेठ काहीच म्हणाला नाही, आणि आयुष्यात एकदा भिकनला वाटलं, बास झालं.

त्यानं खिशातून तो दाणा काढला आणि तळहातावर ठेवून हात पुढे केला.

"आप्पा, हे दुसऱ्या खड्ड्यात सापडलं. दसऱ्याला नारळाचं पाणी इंजिनावर पडलं असेल. ते प्लगला लागलं की ठिणगी बाहेर पळते. कुणाची चूक नाही. फक्त पुढच्या वेळी पूजा चाकाशी करा, इंजिनावर पाणी नको."

आवाज चढा नव्हता, शब्द वावगा नव्हता. हेच एखाद्या शास्त्र्यानं सांगितलं असतं तर आप्पांनी हात जोडले असते. पण आप्पांनी आधी त्या दाण्याकडे पाहिलं, मग तो ज्या तळहातावर होता त्या तळहाताकडे पाहिलं, आणि त्यांचा चेहरा आक्रसला.

"म्हंजे आमच्या मंडळीनं पूजा केली म्हनून गाडी बंद पडली, असं म्हनायचं तुला?"

"तसं नाही, आप्पा."

"मंग कसं? तुमचं बरंय. तुम्हाला आमचं काय पन खुपतं."

तुमचं. पुन्हा तेच, फक्त शब्द बदलून. बाकीच्या गिऱ्हाइकांतून कुणीतरी हुंकार भरला. भिकन शेठकडे बघत राहिला. हे सगळं ठाऊक असलेला दुसरा माणूस तिथं एकच होता, आणि त्यानं एक वाक्य बोलायचा अवकाश होता.

सोमनाथशेठ बोलला. पुढे येऊन त्यानं आप्पांचा हात हातात घेतला आणि म्हणाला, "आप्पा, तुम्ही मनाला लावून घेऊ नका. पूजेनं कधी गाडी बंद पडलीये का? टोपी नीट बसली नसंल याच्याकडून. टोपी ढिली राहिली म्हणून पाणी आत गेलं. आमची चूक. मी हात जोडतो."

भिकन थिजला. खोटं तर होतंच, पण किती सफाईचं होतं. टोपी ढिली होती की नव्हती, हे आता कोण सिद्ध करणार? जुनी टोपी काढून त्यानंच कचऱ्यात टाकली होती. चार वेळा टक ऐकलं होतं ते त्याच्या एकट्याच्या कानांनी. अठ्ठावीस वर्षांपूर्वी ज्यानं पाना धरून हेच पटवून घेतलं, त्याच माणसानं तेच ज्ञान वापरून त्याला खोटं पाडलं होतं. आप्पांचा जीव भांड्यात पडला. कुसाबाईची पूजा निर्दोष सुटली, पाहुण्यांना सांगायला मेकॅनिक सापडला. जाताना आप्पा भिकनकडे बघून समजुतीनं म्हणाले, "व्हतं एखाद्या वेळी. पन चूक झाली तर कबूल करावी मानसानं."

संध्याकाळी पाचला सगळे गेल्यावर शेठनं त्याला टेबलाशी बोलावलं. चहा मागवला. 

"मला माहितीये तू खरं बोललास," शेठ म्हणाला.

भिकनला वाटलं, आता माफी मागेल. निदान एवढ्या वर्षांच्या चहाला जागून काहीतरी बोलेल.

"म्हणूनच सांगतो," शेठ म्हणाला, "दिवाळीनंतर तू दुसरीकडं बघ. खोटं बोलला असतास तर मी सांभाळून घेतलं असतं. खरं बोललेलं लोक विसरत नाहीत. सायखेड्याची सगळी गिऱ्हाइकं आप्पांच्या शब्दावर आहेत."

भिकननं चहा संपवला, कप विसळून जागेवर ठेवला आणि निघाला. दिवाळीपर्यंत थांबलाही नाही. चांगुणा त्या रात्री जेवली नाही. शेठच्या वाटीची चटणी घरात होती, ती तिनं सकाळी कचऱ्याच्या गाडीत टाकली आणि परत त्या नावाचा उल्लेख केला नाही.

दुसरीकडे बघणं सोपं नव्हतं. द्वारका चौकातल्या एका गॅरेजवाल्यानं आधी हो म्हटलं आणि दोन दिवसांनी सांगितलं की तुमचं काम चांगलंय, पण तुम्ही गिऱ्हाइकाच्या देवाधर्मावर बोलता म्हणे. दुसऱ्यानं वय विचारलं. तिसऱ्यानं विचारलं, यंत्र चालवता येतं का. सायलेन्सरशी धरलेल्या तळहाताचं प्रमाणपत्र कुठं मिळत नाही. शेवटी इंदिरानगरच्या एका सोसायटीत तो वॉचमन म्हणून लागला. तिथं येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांची नोंद ठेवायची. कुठल्या गाडीचा कितवा सिलिंडर मार खातोय हे त्याला गेटवर उभ्या उभ्या कळायचं, पण तो बोलायचा नाही. बोलून झालं होतं.

ह्या वर्षीच्या दसऱ्याला नेहमीप्रमाणे लेणीवर जाऊन आल्यावर तिघं दुपारी घरी बसले होते. भिकनच्या अंगात पांढरा सदरा, वर्षभर ग्रीस न लागलेले हात कधी नव्हते इतके स्वच्छ. तेजल मोबाइल बघता बघता एकदम थांबली. तिनं क्षणभर विचार केला, दाखवावं की नाही. मग फोन पुढे केला.

"पप्पा, हे बघा."

व्हिडिओत समाधान होता. मागे गॅरेज, नवा फलक, नवी रंगरंगोटी. समोर एका जुन्या गाडीचं उघडं बॉनेट. "मित्रांनो, दसऱ्यानंतर तुमची गाडी मिसिंग करते का?" मग त्यानं खड्ड्यात फडकं फिरवलं, चिमट्यानं एक लाल तांदूळ वर काढला आणि कॅमेऱ्यासमोर धरला. नारळाचं पाणी, हळद, ठिणगी, सगळं नीट समजावलं. पूजा जरूर करा, पण चाकाशी करा, इंजिनावर पाणी नको, असं हात जोडून सांगितलं. "हे सिक्रेट माझ्या वडिलांनी एकोणतीस वर्षांपूर्वी शोधून काढलं," असंही म्हणाला.

खाली लोकांच्या कौतुकाचा पाऊस. किती उपयुक्त माहिती. श्रद्धा आणि विज्ञान यांचा सुंदर मेळ. वडिलांना नमस्कार सांगा. सायखेड्याच्या एका पोरानं लिहिलं होतं, आमच्या आप्पांच्या जिप्सीला हेच झालं होतं, शेठनी बरोबर पकडलं.

चांगुणा उठून आत गेली. आतून भांड्यांचा आवाज येऊ लागला. भिकननं व्हिडिओ पुन्हा लावायला सांगितला. मग आणखी एकदा. तेजलला वाटलं, बाप आतून जळतोय. जळत होताच, पण तो बघत होता वेगळंच. शेवटी समाधान प्लगची टोपी परत बसवतो, तिथं भिकननं बोट ठेवलं.

"टोपी बसली नाही त्याची," तो म्हणाला. "नुसती ठेवलीये. दाबली नाही. टक झालं नाही. पाणी नसलं तरी ही गाडी आठ दिवसांत परत येईल."

"लिहू हे?" तेजलनं विचारलं.  "सगळंच लिहिते, पप्पा. तुमच्या नावासकट."

"सगळं नको. एवढंच लिही. कुणाची तरी गाडी घाटात बसेल."

तिनं लिहिलं: टोपी वरून दाबून टक असा आवाज आल्याशिवाय बसत नाही, व्हिडिओत ती ढिली राहिली आहे. पाचच मिनिटांत गॅरेजच्या नावानं उत्तर आलं. तेजलनं वाचलं आणि फोन मांडीवर उलटा ठेवला. भिकननं हात पुढे केला तेव्हा तिला तो द्यावाच लागला.

उत्तर अदबीनं लिहिलेलं होतं. आपण मेकॅनिक आहात का?

भिकननं ती ओळ दोनदा वाचली. आतला भांड्यांचा आवाज थांबला होता. चांगुणा दारात येऊन उभी होती.

"काय लिहू?" तेजलनं विचारलं.

"लिही," भिकन म्हणाला, "होतो."